नळीच्या शेवटच्या तीन फुटांचा प्रश्न

रिसोड तालुक्यातल्या केनवडला किंवा वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात घर बांधायला काढलं, की सिमेंटच्या ब्रँडवर आणि सळईच्या भावावर घरात चार-चार दिवस बोलणं चालतं. पाइपाचा निर्णय मात्र प्लंबर एका दमात घेऊन टाकतो. शेतात उरलेले दोन पाइप असतील तर तेच आधी भिंतीत जातात. पुढची वीस-पंचवीस वर्षं घरातली मोठी माणसं त्याच पाइपातून येणाऱ्या पाण्यानं आंघोळ करतात, तोंड धुतात, शौचाला जातात, जखम धुतात, अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्यांना पुसून काढतात. लहान मुलांचं पाणी आपण उकळतो. पिण्याचं पाणी गाळतो, आता तर पैसे देऊन जारही आणतो. वापरायच्या पाण्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, कारण ते ‘वापरायचं’ असतं. ते त्वचेला, डोळ्यांना, नाकाला आणि लघवीच्या जागेला लागतं, हे कुणी धरतच नाही.

पाइप कोणता घ्यावा, यावर गावोगावी वाद चालतो आणि तो रास्त आहे. पण या विषयातली माहिती एकत्र मांडली, तर माझ्या मते वादाचा निम्मा जोर दुसरीकडे वळवायला हवा. पाइप कशाचा आहे याला एका हद्दीपर्यंत महत्त्व आहे. त्यापुढे महत्त्व आहे ते पाणी त्यात किती वेळ थांबून राहतं याला, सांधे कसे जोडलेत याला, आणि नळापासून अंगापर्यंत पाणी नेणाऱ्या त्या शेवटच्या दोन-तीन फूट नळीला. सगळ्यात घाण असते ती हीच नळी, आणि बदलायला सगळ्यात स्वस्तही हीच.

आपल्याकडे नळ काही नवे नाहीत. सतराव्या शतकात मलिक अंबरानं औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली. तिचं पाणी वस्तीपर्यंत खापरी नळांतून खेळवलं होतं. मुंबईला १८६० साली विहार तलावाचं पाणी आलं ते बिडाच्या नळांतून. खेड्यांत नळयोजना आल्या त्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांबरोबर, म्हणजे ज्याला आपण जीआय म्हणतो. वऱ्हाडातल्या जुन्या घरांच्या न्हाणीत आजही हाच पाइप भिंतीबाहेर दिसतो, वर रंगाचे चार थर चढलेला.

जीआय पाइपाची ताकद वादातीत आहे. ऊन लागो, धक्का लागो, गरम पाणी येवो, तो हलत नाही. त्याचा शत्रू आतच असतो. आपल्या भागात खाली काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. असं जड पाणी पाइपाच्या आत पांढरा थर धरतं. जस्त झिजलं की त्याखाली गंज चढतो, गंजाच्या गाठी होतात आणि इंचाचा पाइप आतून बोटाएवढा उरतो. सकाळी पहिल्यांदा तोटी उघडल्यावर येणारं तांबूस पाणी त्याचंच. लोह पोटाला फारसं घातक नाही, पण त्या खडबडीत गाठींच्या आडोशाला जंतू सुखानं राहतात. पाण्यातला क्लोरीन गंजाशी झगडण्यातच संपतो आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. जुना जीआय पाइप आतून साफ करण्याचा खरा उपाय नाही. आत ॲसिड सोडून तो धुवायला जाणारे आहेत. तसं केल्यानं थर निघतो, आणि पाइपाला गळतीपासून वाचवणारं जे काही होतं तेही निघून जातं.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नये म्हणून करायची प्रक्रिया केलीच नाही. जुन्या नळांवर वर्षानुवर्षं बसलेला संरक्षक थर सुटला आणि त्यामागचं शिसं थेट लोकांच्या पाण्यात उतरलं. आपल्याकडे घरात शिशाचे नळ नाहीत, म्हणून ही गोष्ट आपली नाही असं वाटेल. पण शिसं आपल्या घरात दुसऱ्या वाटेनं आलं.

ती वाट पीव्हीसीची. पांढरा किंवा करडा, हलका, स्वस्त, सोल्युशन लावलं की जुळणारा. पीव्हीसी बनवताना ते उष्णतेनं बिघडू नये म्हणून त्यात स्थिरक घालावा लागतो, आणि भारतात कित्येक वर्षं तो शिशाचा होता. पाइप नवा असताना हे शिसं जास्त सुटतं, पुढे कमी होत जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मुलांच्या मेंदूवरचा परिणाम सगळ्यांना ऐकून माहीत असतो. मोठ्यांमध्ये ते रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंडं बिघडवतं, आणि गरोदर बाईच्या हाडांतून बाळाकडे जातं. केंद्र सरकारनं २०२१ साली पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्थिरकाबाबत स्वतंत्र नियम काढले. म्हणून नवा पीव्हीसी घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारायच्या: पाइपावर आयएस ४९८५ छापलंय का, आणि ‘लेड फ्री’ लिहिलंय का. छापील ओळ नसलेला, भंगार वितळवून केलेला करडा पाइप मोटारीला लावा हवा तर. न्हाणीत नको. सांडपाण्याचा जाड पाइप, ज्यावर आयएस १३५९२ असतं, तो पाण्याच्या ओळीला जोडलेला मी एकाहून जास्त घरांत पाहिला आहे. तो त्या कामासाठी केलेलाच नाही.

साध्या पीव्हीसीची दुसरी मर्यादा उष्णता. त्याचं मानक ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. गच्चीवर सोलर बसवला आणि जुनी पीव्हीसी ओळ तशीच ठेवली, की पाइप मऊ पडतो, सांधे सुटतात. उन्हात पडलेला पीव्हीसी चार-पाच उन्हाळ्यांत ठिसूळ होतो, ते आपल्या शेतांत दिसतंच. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, आयएस १५७७८ चा, पिवळसर रंगाचा. तो ९० अंशांच्या वरपर्यंत टिकतो. पीपीआरही चालतो. त्याचे सांधे तापवून एकजीव करतात, सोल्युशन लागत नाही. पण त्याचं मशीन आणि ते नीट चालवणारा हात दोन्ही हवेत, आणि तो हात गावात असेलच असं नाही. जलजीवन मिशनच्या कामात जमिनीखालून घरापर्यंत येणारा पाइप बहुतेक वेळा काळा, निळ्या रेघांचा एचडीपीई असतो. जमिनीखाली त्याच्यासारखा दुसरा नाही. वाकतो, फुटत नाही, काळ्या रंगामुळे उजेड आत जात नाही आणि शेवाळ धरत नाही. गावातल्या एखाद्या घराला फक्त एकच सल्ला द्यायचा झाला, तर मी सांगेन: रस्त्यापासून टाकीपर्यंत एचडीपीई, टाकीपासून गार पाण्याला आयएसआयचा लेड फ्री पीव्हीसी, गरम पाण्याला सीपीव्हीसी, आणि सोल्युशन लावलेले सांधे पूर्ण वाळल्यावर ओळ बराच वेळ वाहती ठेवून मगच वापरायला घ्या.

तांब्याचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे तांब्यावर श्रद्धा आहे. बंब तांब्याचा, घंगाळ तांब्याचं, रात्रभर पाणी ठेवायचा तांब्या तांब्याचा. तांबं जंतू मारतं हे खरं आहे. पण पाइपाच्या बाबतीत नेदरलँड्समध्ये एक नेमका प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तांबं, स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक अशा तिन्ही पाइपांतून कोमट पाणी खेळवून लीजनेला नावाचे जंतू किती वाढतात ते मोजलं. पहिल्या काही महिन्यांत तांब्यात ते कमी होते. सुमारे दोन वर्षांनी फरक उरला नाही. आतून बुळबुळीत थर चढला की जंतूंना खाली तांबं आहे की प्लास्टिक याचं देणंघेणं राहत नाही.

मग हा थर चढतो कशानं? थांबलेल्या पाण्यानं. ज्या गावाला नळ दोन-तीन दिवसांआड येतो, तिथे पाइप बराच काळ रिकामा किंवा अर्धा भरलेला असतो. आत दाब नसतो, आणि जिथे सांधा गळतो तिथूनच बाहेरचं पाणी आत शिरतं. गटाराला लागून गेलेली ओळ असेल तर काय शिरतं ते सांगायला नको. हुबळी-धारवाडला काही भागांत चोवीस तास आणि काही भागांत आठवड्यात मोजके तास पाणी येत असे. तिथे कुम्पेल आणि नेल्सन या संशोधकांनी दोन्हींच्या नळाचं पाणी ताडून पाहिलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तुटक पुरवठ्याच्या नळांत विष्ठेतले जंतू कितीतरी जास्त वेळा सापडले. पाणी सुटल्यावरची पहिली धार सगळ्यात वाईट, आणि पावसाळ्यात आणखी वाईट. शुद्धीकरण केंद्र तेच, पाणी तेच. फरक ओळीत थांबण्याचा होता. कराडजवळच्या मलकापूरनं महाराष्ट्रात चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, त्याचं कौतुक पाण्याच्या सोयीसाठी झालं. माझ्या दृष्टीनं त्याचं मोल भरलेल्या, दाबाखाली असलेल्या पाइपात आहे.

इथे टिल्लू पंपाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नळ आला की ओळीला थेट टिल्लू लावायचा आणि शेजाऱ्याच्या आधी टाकी भरून घ्यायची, हे गावोगावी चालतं. पाणी कमी असेल तर माणूस काय करणार, हे समजतं. पण टिल्लू ओढतो तेव्हा पाइपात पोकळी होते आणि ती पोकळी गळक्या सांध्यातून गटाराचं पाणीसुद्धा ओढून घेते. ते लावणाऱ्याच्या टाकीत येतं आणि त्या ओळीवरच्या सगळ्यांच्या नळांतही. पंप हवाच असेल तर जमिनीतल्या टाकीत पाणी आधी आपल्या दाबानं पडू द्यावं, आणि तिथून वर चढवावं.

आता ती शेवटची नळी. बाथरूमच्या नळाला अडकवलेली हिरवी किंवा पारदर्शक नळी, कमोडशेजारचा जेट, हँड शॉवर. यांतल्या मऊ नळ्या बहुतेक मऊ पीव्हीसीच्या असतात. मऊपणासाठी त्यात प्लास्टिक मऊ करणारी रसायनं भरपूर घातलेली असतात. ती हळूहळू पाण्यात उतरतात, आणि त्यांच्यावर जंतूही पोसतात. रबरी नळीत थर आणखी लवकर चढतो. पारदर्शक नळीत उजेडानं शेवाळ धरतं. दोन-तीन वर्षं वापरलेली जेटची नळी बदलल्यावर फेकून न देता एकदा ब्लेडनं उभी चिरून पाहा. बाहेरून चकचकीत स्टीलची जाळी, आणि आत काळपट, शेंबडासारखा बुळबुळीत थर. वॉशरच्या खोबणीत तो सगळ्यात जाड असतो. बोट फिरवलं तर वास येतो. हेच पाणी रोज शौचाला वापरलं जातं, आणि घरात मूळव्याधीचा किंवा साखरेचा त्रास असलेला माणूस असेल तर ते फाटलेल्या त्वचेला लागतं.

त्याहून धोक्याची सवय म्हणजे हीच नळी ड्रममध्ये किंवा बादलीत सोडून ठेवणं. नळाचा दाब गेला की नळीतून ड्रमातलं पाणी उलट ओळीत ओढलं जातं. शौचालयातल्या बादलीत बुडालेल्या नळीतून काय उलट जाईल याचा विचार करा. नळीचं टोक पाण्याच्या वर, हवेत लोंबतं ठेवायचं, एवढी एकच गोष्ट पाळली तरी हा धोका जातो. याला एक रुपयाही लागत नाही.

या सगळ्याचा भार घरात कुणावर पडतो तर म्हाताऱ्या माणसांवर आणि त्यांचं करणाऱ्या सुनांवर. गुडघे गेल्यामुळे उकिडवं बसता येत नाही म्हणून मामाजींसाठी कमोड बसवला जातो आणि बरोबर जेट येतो. सोय उत्तम आहे. पण जेटचा दाब अनेक ठिकाणी एवढा असतो की वय झालेल्या पातळ त्वचेला त्याचा त्रास होतो. भिंतीवरच्या अँगल वॉल्व्हनं दाब निम्म्यावर आणता येतो, आणि वापर झाल्यावर तो वॉल्व्ह बंद करून नळीतला दाब सोडला तर नळीही जास्त टिकते. बायकांनी पाण्याची धार पुढून मागे न्यावी, हे शिकवायला लाजायचं कारण नाही. लघवीमार्गाचा जंतुसंसर्ग उतारवयात फार सतावतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तर नळी नकोच. उकळून कोमट केलेलं पाणी, स्वच्छ मग आणि रोज धुतलेलं मऊ कापड हेच बरं. पाणी हातानं पाहण्याऐवजी कोपरानं पाहावं. काम करून राकट झालेल्या हाताला जे कोमट वाटतं ते म्हाताऱ्या पाठीला भाजू शकतं.

पाणी शरीराच्या आत जातं तिथे नियम आणखी कडक. निसर्गोपचारात एनिमाच्या भांड्याचं स्थान जुनं आहे. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि अनेक घरांत त्या परंपरेतून हे भांडं आलं. बद्धकोष्ठ झालेल्या वयस्क माणसाला डॉक्टरच्या सल्ल्यानं एनिमा देणं गैर नाही. पण नळाला जोडलेली नळी, जेट किंवा शॉवरची नळी त्या कामाला कधीही वापरू नये. नळाचा दाब आतड्याला इजा करू शकतो आणि नळीतला थर थेट आत जातो. त्यासाठी स्वतंत्र भांडं, सिलिकॉनची नळी, एकाच माणसाची. सिलिकॉन उकळत्या पाण्यात टिकतं, म्हणून ते खरंच निर्जंतुक करता येतं. जुनं रबर चिरतं आणि चिरेत घाण राहते. मऊ पीव्हीसी उकळवलं की बिघडतं. वापरानंतर लगेच साबणाच्या पाण्यानं आतून धुवायचं, उकळायचं, टांगून पूर्ण वाळवायचं. जलनेतीला तर उकळून गार केलेलंच पाणी. अमेरिकेत लुईझियाना राज्यात २०११ साली नळाचं पाणी नेतीपात्रातून नाकात गेल्यानं मेंदू पोखरणाऱ्या अमीबाचा संसर्ग होऊन दोन माणसं दगावली होती.

गरम पाण्याच्या धोक्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांना न्यूमोनियाची साथ लागली आणि त्यातून लीजनेला जंतूंचा शोध लागला. हे जंतू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतात आणि तुषारांतून फुप्फुसात जातात. गीझर वीज वाचवण्यासाठी ४० अंशांवर ठेवणं म्हणजे त्यांची सोय करणं. टाकीच्या गीझरमध्ये पाणी ६० अंशांपर्यंत जाऊ द्यावं आणि तोटीजवळ गार पाणी मिसळावं. ६० अंशांचं पाणी थेट अंगावर काही सेकंदांत भाजतं, म्हणून मिसळणं चुकवू नये. बादली आणि तांब्यानं आंघोळ करणारी आपली पद्धत या बाबतीत शॉवरपेक्षा निर्धोक आहे; तुषार कमी उडतात. दम्याचा किंवा छातीचा त्रास असणाऱ्यानं शॉवरच्या हौसेपायी बादली सोडू नये.

स्वच्छतेचं ज्ञान गावात नाही असं मुळीच नाही. संत्र्याच्या आणि हळदीच्या पट्ट्यात ज्याच्या शेतात ठिबक आहे तो शेतकरी लॅटरलची टोकं उघडून फ्लश करतो, क्षार साचले की ॲसिड ट्रीटमेंट देतो, शेवाळाला क्लोरीन देतो, जाळीचा फिल्टर धुतो. मोजून देतो आणि वेळेवर देतो, कारण तोट्या चोंदल्या तर पीक जातं. घरातल्या पाइपाला या शिस्तीचा दहावा हिस्साही मिळत नाही.

तो देणं अवघड नाही. टाकीपासून सुरुवात करायची. पूर्ण रिकामी करून, तळाचा गाळ काढून, भिंती ब्रशनं घासून धुवायच्या. साबणाचा अंश राहू द्यायचा नाही. मग टाकी भरून हजार लिटरला १५० ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी ओतायचं. घरातल्या सगळ्या तोट्या एकेक करून क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायच्या आणि बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. ते पाणी त्या रात्री कुणी वापरायचं नाही; ढोरांनाही नाही. सकाळी सगळं सोडून देऊन ओळ दोनदा धुवायची. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. टीसीएल जुनी झाली की तिचा जोर जातो, म्हणून वास न येणारी, ओलसर पावडर घालून समाधान मानू नये. डेंग्यूसाठी आपण कोरडा दिवस पाळतो, त्याच दिवशी नळ्या टांगून वाळवल्या तर एका कामात दोन कामं होतात.

जेट आणि शॉवरच्या जाळीवर बसलेल्या पांढऱ्या क्षारांना लिंबूसत्त्वाचं पाणी पुरतं. काही तास बुडवून जुन्या टूथब्रशनं घासावं. नळीत लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम टीसीएलचं निवळ पाणी अर्धा तास भरून ठेवावं आणि मग वाहत्या पाण्यानं धुवावं. एकदा लिंबूसत्त्व, दुसऱ्या दिवशी टीसीएल. दोन्ही एकत्र कधीच नाही. फरशीवर ओतायचं बाजारातलं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. मऊ पीव्हीसीची नळी वर्षातून एकदा बदलावीच. साफ करत बसण्यापेक्षा तेच स्वस्त पडतं.

ग्रामपंचायतीकडे यंत्रणा आहे. जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं ठरतं, आणि सर्वेक्षणानंतर गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. ओळीच्या टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे हा नियमही आहे. पण ही तपासणी नळाच्या तोटीशी थांबते, घराच्या टाकीपर्यंत येत नाही. जलजीवन मिशननं गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरवलं, किटही दिले. त्यांनी महिन्यातून एकदा पाच घरांच्या गच्चीवरच्या टाकीतल्या आणि शौचालयातल्या नळीतल्या पाण्याची तीच पिवळ्या रंगाची चाचणी केली आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवला, तर पाइप कोणता घ्यावा या वादाला पहिल्यांदाच गावाची स्वतःची आकडेवारी मिळेल. केनवडच्या पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.